सदाच्या मेलेल्या नळ्या

घरात विजेचा पत्ता नाही आणि कोपऱ्याकोपऱ्यात ट्यूबलाइटी उभ्या, अशा घरात मी वाढले. दाराच्या मागे, कणगीच्या आडोशाला, माळ्यावर भाताच्या पेंढ्यात गुंडाळलेल्या, जिकडे हात घालावा तिकडे नळ्याच. आम्ही त्यांना नळ्याच म्हणायचो. दोन्ही टोकांना काळ्या पडलेल्या, मेलेल्या नळ्या. हा सगळा पसारा माझ्या भावाचा, सदाचा. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. खरं तर मी त्याला दादा म्हणायला हवं होतं, पण लहानपणी जीभ सदाकडे वळली ती वळलीच, आणि पुढे त्याचं एकेक वागणं बघून ती सुधारावी असं मला कधी वाटलं नाही.

सदा खंडाळ्याला एका हॉटेलात कामाला होता. पाणी भर, गाद्या उचल, वायरमन आला की त्याची शिडी धर, असलं काम. हॉटेलात नळी गेली की ती स्वयंपाकघरामागच्या उकिरड्यावर जायची, आणि तिथून ती आमच्या घरी यायची. सुटीच्या दिवशी तो मळवलीला गाडीतून उतरायचा तो खांद्यावर गोणपाटात बांधलेल्या नळ्या घेऊनच. इतरांचे भाऊ गावी येताना बहिणीला चिक्की आणत, पावाची लादी आणत. आमचा भाऊ काचेची दांडकी आणायचा, आणि तीही जळलेली. "जळलेली न्हाई गं," तो मला समजावायचा, "आतली तार तेवडी तुटलीया. वायू हाय तसाच हाय. दाब दिला ना, तर ही पुन्हा पेटंल." दाब म्हणजे काय, तो कुठून द्यायचा, आणि दिला तर आमच्या आयुष्यात नेमका काय फरक पडणार, हे तीन प्रश्न मी दर खेपेला विचारायची. तो दर खेपेला पहिल्याचंच उत्तर द्यायचा: विजेचा जोर.

आमची वाडी लोहगडवाडीच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत. पंधरावीस घरं, सगळी कौलारू किंवा गवताची. संध्याकाळी प्रत्येक घरात एक रॉकेलची चिमणी, आणि पाहुणा आला तर कंदील. आणि या अंधाऱ्या वाडीच्या बरोब्बर डोक्यावरून मुंबईला वीज नेणाऱ्या तारा गेलेल्या. घाटाखालच्या पाण्यावर वीज तयार व्हायची, आमच्या शेतांत रोवलेल्या लोखंडी मनोऱ्यांवरून ती मुंबईला जायची, आणि आम्ही खाली बसून चिमणीची काजळी पुसायचो. त्या तारा गुणगुणायच्या. धुकं पडलं की त्यांचा आवाज वाढायचा, तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा तडतड आवाज यायचा. पाहुणीरावळी घाबरायची. आम्हाला तो आवाज ऐकल्याशिवाय झोप लागत नसे. आज तळेगावच्या फ्लॅटमध्ये मला कधी झोप लागली नाही की मी फ्रिजच्या घरघरीकडे कान लावते, पण ती सर त्याला नाही.

नळ्यांनी आम्हाला काय काय दिलं ते सांगते. आधी आबांच्या बॅटरीचे सेल गेले. आबा, म्हणजे आमचे वडील, भात पोटरीत आलं की रानडुकरांच्या राखणीला जायचे. एकदा डुकरं बांधावर आली, आबांनी बॅटरीचं बटण दाबलं, तर नुसता खटका वाजला. सेल सदाच्या कुठल्याशा गुंडाळीला जोडलेले होते. डुकरांनी भाताचा कोपरा लोळवून टाकला आणि आबांनी सदाला. मग एक नळी कणगीवरून घरंगळली आणि आईने निवडून ठेवलेल्या नाचणीच्या टोपलीत फुटली. पांढरी भुकटी सगळ्या नाचणीवर पसरली. आईने टोपलीभर नाचणी उकिरड्यावर ओतली आणि तिथेच उभी राहून रडली. अन्न टाकताना मी तिला तेव्हाच काय ते पाहिलं. आता पेपरात येतं की त्या नळ्यांत पारा असतो, विषारी असतो. सदाला मी ते कात्रण पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "तेव्हा कुणाला माहीत होतं?" जसं काही माहीत असतं तर त्याने आणल्या नसत्या!

त्यानंतर आली जीपची बॅटरी. हॉटेलच्या जीपची जुनी बॅटरी ड्रायव्हरने फेकून दिली होती, ती या पठ्ठ्याने मळवलीपासून खांद्यावर वाहून आणली. सोबत जीपच्याच इंजिनातलं एक कॉइल, आणि दारावरच्या घंटीचा तो तडतड करणारा तुकडा. त्या तिन्हींची त्याने कशी तरी मोट बांधली, नळीची दोन टोकं जोडली, आणि नळी खरंच पेटली. मी खोटं कशाला बोलू? पेटली. थरथरत, फडफडत, जांभळट. घंटीचा तुकडा असा कर्कश वाजत होता की गोठ्यात म्हशीने दावं तोडलं. आणि भाकरी थापून होण्याच्या आत बॅटरी उतरली. ती भरून आणायची तर लोणावळ्याला न्यायला हवी. म्हणजे भाकरीएवढ्या उजेडासाठी पाच मैल डोंगर, वर गाडीभाडं! त्या बॅटरीतलं पाणी पडवीत सांडलं होतं आणि मी त्यावर बसले होते. तेव्हा काही कळलं नाही. पण शाळेचा निळा परकर धुवायला काढला तर हातात चाळणी आली. मी सदाच्या अंगावर तो परकर फेकला. तो म्हणाला, "ॲसिड अजून चांगलं हाय म्हंजी."

शाळेचं म्हणाले, तर तेच सांगायला हवं. मी खालच्या गावातल्या हायस्कुलात जायची. आमच्या वाडीतून तिथपर्यंत गेलेली मी पहिलीच मुलगी. दहावीला पोचले आणि त्याच साली भातलावणीत आई बांधावरून घसरली, उजव्या खांद्यावर पडली. खांदा बसवणाऱ्याने बसवला, पाला बांधला, पण हात खांद्याच्या वर जाईना आणि जातं तर ओढता येईनाच. घरात खाणारी आम्ही, धाकटी दोघं धरून, सहा माणसं. रोजचं दळण आलं माझ्यावर. पहाटे जातं, मग पाणी, मग शेण, मग म्हशी. गिरणी होती ती खाली स्टेशनाजवळ. डोक्यावर दळण घेऊन जायचं, रांगेत बसायचं, परत चढायचं, अर्धा दिवस त्यात जायचा. पावसाळ्यात पीठ घरी येईपर्यंत त्याचा गोळा व्हायचा. रेशनवर परदेशातली तांबडी ज्वारी, मिलो, मिळायची तेव्हा, ती जात्यात घातली की दगड दळतोय का धान्य तेच कळायचं नाही. आबांनी मला शाळेतून काढलं. ते वाईट नव्हते, त्यांनाही दुसरा मार्ग दिसत नव्हता. म्हणाले, "वाडीत लाईट यायची बोलनी चाललीत. लाईट आली की नानूतात्या गिरनी टाकनार. गिरनी आली की जा परत शाळंला." नानूतात्या म्हणजे आमच्या वाडीतले जाणते. त्यांचा शब्द वाडीत कुणी खाली पडू देत नसे.

तेव्हापासून माझं सगळं लक्ष त्या एका गोष्टीवर. लाईट आली की गिरणी, गिरणी आली की शाळा. खालच्या गावापर्यंत खांब आलेच होते. मी रोज पाण्याला गेले की त्या शेवटच्या खांबाकडे बघायची. तो तिथे उभा, आणि आमची वाडी वर. मध्ये एक चढ.

आता कपड्यांच्या तारेची गोष्ट. आबांनी पडवीच्या खांबापासून गोठ्यापर्यंत आणि तिथून पुढे खळ्यातल्या आंब्यापर्यंत कपडे वाळत घालायला जाडसर तार ओढली होती. घासून तुटू नये म्हणून जिथे जिथे ती लाकडाला बांधली तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले होते. ही तार नेमकी वरच्या मोठ्या तारांच्या खालून, त्यांच्या रेषेतच गेलेली. आणि ती चावायची. कोरड्या दिवसांत कपडा टाकायला हात लावला की बोटाला मुंगी डसावी तसं व्हायचं. वाडीतल्या सगळ्या बायकांना हे ठाऊक होतं. कुणाला त्याचं काही वाटत नसे. अंगणातलं कुत्रं भुंकतं, तशी तार चावते. आधी ओला कपडा लांबून फेकायचा, मग नीट पसरायचा, एवढंच.

एका संध्याकाळी सदा नळ्यांचं ओझं घेऊन आला आणि ते त्याने त्या तारेला टेकवून उभं केलं. मी कपडे काढत होते. त्याने एक नळी उचलायला हात घातला आणि ती नळी, कशालाही न जोडलेली, मेलेली नळी, त्याच्या हातात फिकट उजळली. ते आधी मी पाहिलं. मीच ओरडले, "सदा, हातातली बघ!" हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण गेली पन्नास वर्षं तो लोकांना सांगत फिरतोय की ते त्याने अभ्यासाने शोधून काढलं. वरच्या तारांतली वीज हवेतून आमच्या तारेत उतरत होती आणि नळीतून, सदाच्या अंगातून, जमिनीत जात होती. जमिनीत जायला वाट मिळाली तर नळी पेटते, हे त्याला लगेच उमगलं, तेवढं मी मान्य करते. त्याने मोरीजवळच्या ओल्या जमिनीत एक लोखंडी सळई ठोकली, नळीचं एक टोक सळईला, दुसरं तारेला. पडवीत उजेड पडला.

उजेड कसला? चांदणं म्हणा हवं तर. माणूस ओळखू यायचा, त्याचा चेहरा मात्र आजाऱ्यासारखा दिसायचा. आईने पहिल्याच दिवशी सूप घेऊन नळीखाली तांदूळ निवडून पाहिले आणि उठली. "ह्यात खडा बी दिसत न्हाई आन् सोंडकिडा बी दिसत न्हाई. माजी चिमनी बरी." शिवाय तारेवर ओलं लुगडं टाकलं आणि त्याचा पदर खाली जमिनीला लागला की नळी विझायची. म्हणून सदाने कपडे वाळत घालायला बंदी केली! कपड्यांच्या तारेवर कपड्यांना बंदी! धुणं आम्ही कुंपणाच्या निवडुंगावर घालू लागलो आणि आबांच्या एकुलत्या एक बऱ्या धोतराला भोकं पडली. पाऊस लागला की सगळं भिजून नळी पेटेनाशी व्हायची, तेव्हा चार महिने तेवढे सुखाचे जात.

पण कीर्ती केवढी! फुकटची लाईट, बिगर रॉकेलची लाईट. शेजारच्या वाड्यांवरून माणसं बघायला यायची. आली की पडवीत बसायची, बसली की चहा. गुळाचा का होईना, चहा हवाच. आमच्या म्हशीचं दूध त्या नळीने प्यालं असं मी म्हणायची. सगळे मान वर करून नळीकडे बघत बसायचे, "लय डोकं बाबा पोराला," म्हणायचे, आणि मी चुलीपुढे फुंकणी मारत बसलेली असायची. मग लोक सदाला तारेच्या खाली आणखी तार ओढायला मदत करू लागले. कुंपणाची जुनी तार कुठून कुठून आणून त्यांनी ती बांधाबांधाने लांबवली. जितकी तार लांब तितका दाब जास्त, म्हणे. मग एकीच्या शेपटाला दुसरी अशा एकापुढे एक नळ्या पेटवता येऊ लागल्या.

त्या हिवाळ्यात ग्रामसेवक निरोप घेऊन आला. वीज ऑफिसातला साहेब येणार. खांब वाडीपर्यंत आणायचे की खालच्या गावातच थांबवायचे, ते तो बघून ठरवणार. त्या दिवशी मी पाण्याच्या दोन खेपा जास्त केल्या, नुसता तो शेवटचा खांब बघायला. आई मला म्हणाली, "आता हुईल गं." आईच्या तोंडून असं काही मी पूर्वी ऐकलं नव्हतं.

साहेब यायच्या आदल्या दिवशी नानूतात्यांच्या खळ्यात बैठक बसली. पाहुणा येणार म्हटलं की आमच्या वाडीची एक रीत. शेजारून कपबश्या आणायच्या, कुणाची सतरंजी, कुणाचं नवं घोंगडं. आपल्या घरात काय नाही ते पाहुण्याला कळता कामा नये. मुलीला बघायला आले तर तीन घरची भांडी एका फळीवर मांडायची. हे मी शंभरदा पाहिलं होतं. पण त्या दिवशी तात्या म्हणाले, "सदा, तुज्याकडं नळ्या हाईत न्हवं? वाटंच्या चढापास्नं वर पत्तुर लावून टाक. सायेब येनार आन् वाडी काळीकुट्ट? काय म्हनंल तो?"

मी पाणी द्यायला गेले होते. बायकांनी बोलायची ती जागा नव्हती, पण माझ्याने राहवेना. "तात्या, साहेबाला आपण अंधार बगायला बोलावलंय! उजेड दिसला तर तो खांब कशाला दील?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तात्या रागावले नाहीत, लहान मुलाला समजावतात तसे हसले. "आगं पोरी, अंधार दावायचा व्हय पाव्हन्याला? भिकारी हाईत म्हनंल. त्याला दिसू दे की आमची पोरं किती हुशार हाईत. खुश हुईल आन् चार खांब जास्त दील."

"सदा, तू तरी सांग!" मी म्हणाले.

सदा काय सांगणार? त्याचे डोळे आधीच पेटले होते. "पाच नळ्या एकदम पेटतील, तात्या. जास्त बी लावू का?"

मी आबांकडे पाहिलं. आबा जमिनीकडे बघत होते. तांब्या तिथेच आपटून मी घरी आले. आजही, वयाच्या या टप्प्यावर, नातवाला हा प्रसंग सांगताना माझी कानशिलं तापतात. अख्खी वाडी शहाणी माणसं. भाताच्या चिखलात नुसता पाय घालून पाणी किती हवं ते सांगणारी. आणि ज्याच्याकडे वीज मागायची त्याचं स्वागत विजेने करायला निघाली होती.

साहेब यायचा सकाळी, आला दिवस कलल्यावर. त्याची जीप खाली ओढ्यात रुतली होती. मी देवाला हात जोडत होते की तो उजेडातच येऊ दे, म्हणजे नळ्या दिसणार नाहीत. पण डोंगराची सावली वाडीवर पडली आणि सदाने तार जोडली. चढापासून आमच्या अंगणापर्यंत पाच नळ्या, आजाऱ्यासारख्या पांढऱ्या, एका रांगेत उजळल्या. पोरांनी टाळ्या पिटल्या. आणि वळणावर साहेब थबकला.

"अरे, इथे तर लाईट आहे!" तो पुण्याकडचा, मध्यम वयाचा माणूस होता, धाप लागलेला. ग्रामसेवकाकडे वळून म्हणाला, "मला सांगितलं वाडीत वीज नाही. हे काय आहे? कुणी दिली लाईन?"

ग्रामसेवकाची बोबडी वळली. तात्या हात जोडून पुढे झाले, छाती फुगलेली. "आमच्या पोरानंच केलीया, सायेब. कुनाचं काय घेतलं न्हाई."

"मग तुमचं काम भागलेलंच दिसतंय," साहेब म्हणाला. "खांब कशाला हवेत मग?" तो गंमतीने बोलला की खरं, ते मला कळलं नाही. तात्यांच्या तोंडावरून मात्र कळलं की त्यांना आता समजलं. पण आता समजून काय उपयोग? कुणी जागचं हललं नाही. सदा तर साहेबाला अंगणात आणून सळई दाखवायला निघाला होता.

मी घरात पळाले. काय करायचं ते सुचत नव्हतं, विळा घेऊन तार तोडावी असं मनात आलं. आई चुलीपाशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने मोरीतल्या बादलीकडे मान हलवली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "लुगडं धुतलंय. वाळत घाल जा."

मी बादली उचलली. नऊवारी लुगडं, पिळलेलंही नाही, पाणी गळतंय. तारेजवळ गेले आणि लांबून फेकलं. एक पदर तारेवर, दुसरा मोरीच्या चिखलात. पाचही नळ्या एकदम विझल्या. आमच्या वाडीत जसा असायचा तसा अंधार पडला, आणि त्या अंधारात साहेबाचा पाय उखळाला अडखळला.

मग जो गोंधळ झाला! सदा माझ्यावर ओरडत होता, तात्या सदावर, पोरं रडायला लागली. साहेबाने टॉर्च लावला आणि तो माझ्या तोंडावर धरला. "कुणी विझवलं?"

"मी," मी म्हणाले. "तुमाला खरी वाडी दिसत नव्हती. आमी ह्यात भाकरी करत न्हाई, सायेब. ह्यात काय बी करता येत न्हाई. आमी चिमणीवरच हाओत."

त्याने टॉर्च खाली केला आणि तारेकडे वळवला. आणि मग, तुम्हाला खोटं वाटेल, तो पुढचा बराच वेळ सदाशी बोलत बसला! लुगडं उचलायला लावलं, टेस्टर लावून पाहिला, बांधापर्यंत चालत जाऊन आला, "कमाल आहे," म्हणाला. मी तिथेच उभी, ओल्या हातांनी, आणि त्या दोघांचं कॉइल आणि दाब आणि वायू. मला दोघांनाही बादलीत बुडवावंसं वाटलं.

शेवटी तो पडवीत टेकला. आईने चहाचा कप पुढे केला, डाव्या हाताने. वाडीतल्या बायकांनी तोंडावर हात ठेवला. पाहुण्याला कुणी डाव्या हाताने देतं का? साहेबाने क्षणभर कपाकडे पाहिलं.

"राग मानू नगा," आई म्हणाली. "उजवा उचलत न्हाई. दळन ह्या पोरीवर हाय. म्हनून तिची शाळा सुटली. गिरनी आली तर जाईल."

साहेबाने कप घेतला, चहा प्यायला, आणि टॉर्चच्या उजेडात चढ उतरून गेला. त्याने मनात काय धरलं, लुगडं, चहा, का सदाचं डोकं, मला आजतागायत माहीत नाही. पुढचा पाऊस संपल्यावर खांब वर आले. सदाला त्या साहेबाने खांब रोवणाऱ्या टोळीत कामाला घेतलं, त्याची नोकरी पुढे कायम झाली, पेन्शनही मिळते. वाडीत आजही म्हातारी माणसं सांगतात की सदाच्या नळ्यांमुळे लाईट आली. मी तिथे बसलेली असले तरी सांगतात, आणि सदा मान खाली घालून, लाजल्यासारखं करून ऐकतो.

तात्यांनी शब्द पाळला. खांब आल्यानंतरच्या उन्हाळ्यात गिरणी सुरू झाली. पट्टा फटफटायला लागला आणि सगळी वाडी डोक्यावर दळणं घेऊन धावली. मी आदल्या रात्रीच मिलो निवडून टोपली भरून ठेवली होती. सकाळी आबा न्याहारीला बसले आणि आईला म्हणाले, "आता पोरीचं बी बगाय पायजे. परंदवडीचं एक थळ आलंय. मुलगा कारखान्यात हाय. सालाभरात उरकून टाकू."

मी भाकरी थापत होते. हात थांबला. जातं सुटलं होतं, गिरणी आली होती, सगळं सदाच्या नळ्यांतून, चिखलातून, अंधारातून पार पडलं होतं, आणि शेवटी हे. मला रडू आलं नाही. संताप आला, पण तो कुणावर काढायचा तेच कळेना.

आईने भरलेली टोपली ओढली, जात्यापाशी नेली आणि खाली बसली. आबा म्हणाले, "आगं, गिरनी चालू झाली की!" तिने ओंजळभर मिलो जात्याच्या तोंडात घातली आणि उजव्या हाताने खुंटा धरला. डाव्या हाताने नव्हे, उजव्या. जातं अर्धं फिरलं आणि थांबलं. तिच्या तोंडून आवाज आला, तो मी पूर्वी एकदाच ऐकला होता, खांदा बसवताना. ती पुन्हा ओढू लागली.

मी पळत गेले आणि खुंट्याला हात घातला. तिने माझा हात झटकून टाकला. "तू हात लावायचा न्हाई. तुला साळंला जायाचंय. तुमी तिला बोलला हुता. गिरनी आली की साळा. साळा न्हाई तर आमाला गिरनी बी नको. मी दळते."

"खांदा निखळंल, येडी हाईस का?" आबा उठले.

"निखळू दे."

जातं घरघरत होतं, थांबत होतं, पुन्हा घरघरत होतं. बाहेर गिरणीचा पट्टा वाजत होता. आईच्या कपाळावरचा घाम जात्याच्या वरच्या पाळूवर पडत होता आणि ती तो पुसायलाही थांबत नव्हती. आबा दारात उभे राहिले. मग ते आत आले, वाकले, आणि तिच्यापुढची टोपली उचलली. आमच्या वाडीतला पुरुष डोक्यावर दळण घेऊन गिरणीत गेलेला तोवर कुणी पाहिला नव्हता. आबांनी चुंबळ शोधली, ती त्यांना सापडली नाही. मग त्यांनी डोक्यावरचं मुंडासं सोडलं, त्याचीच गुंडाळी केली, टोपली डोक्यावर ठेवली आणि बायकांच्या रांगेत जाऊन उभे राहिले.